तिसरा पंप लावून अणुभट्टी सुरक्षित होत नाही

गोकुळ शिरगावच्या एका तरुण फाउंड्री मालकानं विचारलंय: "मोठ्या गिऱ्हाइकांना लागतात म्हणून आम्ही एफएमईएचे, म्हणजे कुठला भाग कसा बिघडू शकतो याचे, तक्ते भरतो. खरं सांगायचं तर ऑडिटच्या आदल्या रात्री जागून भरतो. अणुभट्टीचा आराखडा करताना जोखमीचं असलं गणित खरंच उपयोगी पडतं, की सगळं ठरल्यावर फाइल सजवायला करतात? आणि लाख वर्षांत एकदा म्हणता, तर फुकुशिमा झालंच कसं?"

प्रश्नातली कबुली आवडली, म्हणून एक मीही देऊन टाकतो. मी तीस वर्षं अणुवीज केंद्रांच्या जोखीम मूल्यांकनाचं काम केलं आणि त्यातली पहिली काही वर्षं जे केलं ते फाइल सजवण्याच्या फार पलीकडचं नव्हतं. केंद्र उभं होतं, पंप फिरत होते, केबल टाकून झाल्या होत्या, आणि आम्ही मागाहून जाऊन मोजत होतो. काही खटकलं की समोरून ठरलेला सवाल यायचा, "मग आता भिंत फोडायची का?" एकदोनदा खरंच फोडावी लागली. आराखडा पेन्सिलीत असतानाच आमच्यासारख्यांना बोलावून घ्यायची रीत नंतर रुळली, आणि या गणिताचा खरा उपयोग तिथंच होतो. कसा, ते तुमच्या भट्टीपासूनच सांगतो. मराठीनं रिॲक्टरला अणुभट्टी म्हटलंय ते उगाच नाही.

समजा, इंडक्शन भट्टीत टनभर लोखंडाचा रस उभा आहे आणि वीज गेली. तापवणं थांबलं, पण रस तापलेलाच आहे. कॉइलमधलं पाणी फिरायचं थांबलं तर कॉइल जळते, आणि कॉइल फुटून पाणी रसाला लागलं तर पुढं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून शेडवर उंच पाण्याची टाकी ठेवतात. वीज असो नसो, पाणी खाली येणारच.

अणुभट्टीतलं दुखणं हेच, फक्त जास्त चिवट. नियंत्रक दांडे पडले की विखंडन काही सेकंदांत थांबतं, पण विखंडनातून तयार झालेले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात. आपल्या ७०० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीची औष्णिक क्षमता २,१०० मेगावॉटच्या वर आहे. बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के, म्हणजे साधारण १४० मेगावॉट उष्णता अजून निघत असते. तासाभरानं तीसेक, दिवसानं दहाएक. तुमचा रस उद्यापर्यंत गोठून ढेकूळ होतो, लायनिंगचा खर्च सोसून तुम्ही मोकळे होता. ही भट्टी आठवड्यानंतरही पाणी मागते. म्हणून अणुभट्टीच्या सुरक्षेचं बहुतेक डोकं एकाच सवालावर खर्च होतं: बंद केल्यावर पाणी कोण पाजणार?

आता पंपाकडे या. हुकूम दिल्यावर पंप सुरू न होण्याची शक्यता शंभरात एक धरू, समजण्यापुरती. एकच पंप असेल तर शंभरात एकदा घोटाळा. दोन लावले तर शंभर गुणिले शंभर, दहा हजारांत एक. तिसरा लावला तर दहा लाखांत एक. कागदावर काय छान दिसतं! खरेदी खात्यालाही आनंद, कारण तिन्ही पंप एकाच कंपनीचे, सुटे भाग एकाच कपाटात.

पण हा गुणाकार करायची परवानगी कुणी दिली? दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच गुणाकार चालतो. एकाच बॅचच्या बेअरिंग, एकाच फिटरनं भरलेलं ग्रीस, एकाच खोलीतला पाया, एकाच पॅनेलमधून आलेली वीज असेल तर पंप तीन असले तरी मरण एकच. आमच्या धंद्यात याला सामाईक कारणानं होणारा बिघाड म्हणतात. ढोबळ हिशेबात दर दहा बिघाडांपैकी एक असा 'सगळ्यांना घेऊन जाणारा' धरला, तर शंभरात एकचा दहावा हिस्सा म्हणजे हजारात एक. आता दोन पंप घ्या, तीन घ्या, पाच घ्या, सगळे एकदम बंद पडण्याची शक्यता हजारात एकच्या आसपासच अडून बसते. दहा लाखांत एक हा आकडा फक्त प्रेझेंटेशनमध्ये राहतो.

याच जागी गणित आराखड्याचा हात धरतं. तिसरा पंप त्याच जातीचा न घेता डिझेलवर चालणारा, दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या बनावटीचा घेतला, आणि समजा तो जरा हलका निघाला, वीस वेळा हुकूम दिला तर एकदा चालू होत नाही. तरी हजारात एक गुणिले विसात एक, म्हणजे वीस हजारांत एक. शंभरात एकदा चुकणाऱ्या सख्ख्या भावापेक्षा विसात एकदा चुकणारा परका पंप वीस पट कामाचा ठरला. पहिल्यांदा हे मांडलं की आराखडा करणारे चिडतात. "वाईट पंप घ्या म्हणता?" हो, वेगळा असेल तर घ्या.

हे नुसतं कागदी वाटत असेल तर २०१९ चा ऑगस्ट आठवा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. शहराभोवती जिकडं तिकडं पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही, कारण बालिंगा, शिंगणापूर, नागदेववाडी ही उपसा केंद्रं पाण्याखाली गेलेली. उपसा केंद्रं एकापेक्षा जास्त होती. पंपही प्रत्येक ठिकाणी एकापेक्षा जास्त. पण सगळी नदीच्याच काठाला, आणि नदी एकच. त्यात महामार्ग शिरोलीजवळ बंद, म्हणजे बाहेरून डिझेल येणार नाही, मेकॅनिक येणार नाही, सुटा भागही येणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सुरुवातीच्या घटनेनं यंत्रणाही मारली आणि दुरुस्तीची वाटही मारली. बाहेरून शिकवायला आलो की मी अजूनही हेच उदाहरण देतो, पाठ्यपुस्तकातलं कुणाला पटत नाही.

अणुउद्योगानं हा धडा फार आधी, आणि तोही मेणबत्तीनं घेतला. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात भिंतीतून केबल जातात तिथल्या भोकांतून हवा गळते का ते मेणबत्तीच्या ज्योतीनं तपासत होते. भोक बुजवायला फोम लावलेला. त्यानं पेट घेतला आणि सोळाशेवर केबल जळाल्या. यंत्रणा जोडीजोडीनं होत्या, पण त्यांच्या केबल शेजारून जात होत्या.

आपल्याकडचा प्रसंग त्याहून बोलका आहे. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा केंद्र. टर्बाइनची पाती तुटली, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला, आग केबलवर गेली. वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबल एकत्र गेलेल्या असल्यानं मुख्य वीज आणि डिझेल जनित्रांची वीज दोन्हींचा मार्ग तुटला. धूर नियंत्रण कक्षात आला, माणसांना तिथून बाहेर पडावं लागलं. सुमारे सतरा तास केंद्र विजेविना होतं. वाचवलं कुणी? आग विझवायच्या डिझेल पंपांनी. त्यांचं पाणी बाष्पजनित्रांना दिलं आणि गाभ्यातलं, म्हणजे इंधन असतं तिथलं, जड पाणी गरम-थंडाच्या फरकानं आपोआप फिरत राहिलं. म्हणजे तोच 'परका पंप', जो मुळात या कामासाठी बसवलेलाच नव्हता. किरणोत्सार बाहेर गेला नाही. त्यानंतर केबलच्या वाटा वेगळ्या करणं, मध्ये आगरोधक अडथळे घालणं ही कामं झाली. आग लागल्यावर केबलमार्ग कुठून कुठं जातो हे शोधत बसण्यापेक्षा कागदावर तो मार्ग रंगवून बघणं किती स्वस्त, याचा अंदाज मला तेव्हा आला.

आता पद्धत थोडक्यात. दोन झाडं असतात. एक पुढं वाढतं: वीज गेली, मग डिझेल लागलं का, हो की नाही, नाही तर वाफेवरचा पंप लागला का, हो की नाही, प्रत्येक फांदीच्या टोकाला गाभा वाचला किंवा वितळला. हे इव्हेंट ट्री. दुसरं वरून खाली उतरतं: 'पाणी मिळालं नाही' असं वर लिहायचं आणि का, का, का म्हणत बॅटरीच्या फ्यूजपर्यंत जायचं. हे फॉल्ट ट्री. ते १९६२ च्या सुमारास अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत क्षेपणास्त्राच्या कामासाठी निघालं. दोन्ही जोडून अख्ख्या अणुभट्टीचा हिशेब पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केला तो एमआयटीचे प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन यांच्या गटानं, १९७५ च्या अहवालात.

या झाडांतून दोन गोष्टी निघतात. एक आकडा आणि एक यादी. बातम्या आकड्याच्या होतात, पण मी आयुष्यभर यादी वाचली. यादीला कट सेट म्हणतात: कोणत्या कमीत कमी गोष्टी एकत्र बिघडल्या तर गाभा जातो, त्या जोड्या-तिकड्या, सगळ्यात घातक वर. एका नव्या आराखड्याच्या कामात आम्ही ही यादी काढली. पंप चार, वीज दोन वेगळ्या वाटांनी, सगळं कसं नीटनेटकं. यादीत पहिल्या ओळीत पंप नव्हतेच. चारही पंपांच्या खोल्या थंड ठेवणारं पाणी एका पाइपमधून येत होतं आणि त्या पाइपवर एक व्हॉल्व्ह होता. तो बंद राहिला की काही तासांत खोल्या तापणार, मोटारी एकामागून एक ट्रिप होणार. पंपवाल्यांनी पंप बघितले होते, वातानुकूलनवाल्यांनी खोल्या बघितल्या होत्या, दोघांच्या मधली जागा कुणाचीच नव्हती. बदल करायला ड्रॉइंग ऑफिसला एक दुपार लागली. तीच गोष्ट काँक्रीट पडल्यावर निघाली असती तर वर्ष गेलं असतं, आणि बहुधा 'ऑपरेटरनं लक्ष ठेवावं' अशी एक ओळ नियमावलीत घालून वेळ मारून नेली असती.

इथंच तुमच्या एफएमईएचं आणि आमचं वेगळं होतं. एफएमईए एका वेळी एक भाग बिघडवून बघतो. चांगली सवय आहे, आम्हीही सुरुवात तिथूनच करतो. पण जोड्या त्याला दिसत नाहीत. आणि तीव्रता, वारंवारता, शोध या तिघांना दहापैकी गुण देऊन त्यांचा गुणाकार करायचा, हे मला कधीच पटलं नाही. तीव्रतेचे ८ म्हणजे ४ च्या दुप्पट असं कुठं लिहिलंय? परीक्षेच्या रोल नंबरांचा गुणाकार करण्यासारखं आहे ते.

ऑपरेटरचा विषय निघालाच आहे. रासमुसेन यांच्या अहवालात एक गोष्ट होती जी त्या वेळी फारशी कुणी मनावर घेतली नाही. सगळं जग मोठा पाइप धाडकन फुटण्याची तयारी करत होतं, आणि अहवाल म्हणत होता की छोटी गळती आणि माणसाच्या चुका यांचा वाटा जास्त आहे. अहवालावर टीकाही झाली, रास्तच झाली. आकड्यांतली अनिश्चितता कमी दाखवली होती. जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेच्या नियामक आयोगानं त्याच्या सारांशाला दिलेला पाठिंबा काढून घेतला. आणि २८ मार्चला अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. छोटी गळती, माणसाची चूक, तंतोतंत.

तिथं दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र 'बंद' सांगत होता, कारण तो व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, व्हॉल्व्हला हुकूम गेला की नाही एवढंच दाखवत होता. ऑपरेटरांना वाटलं पाणी जास्त झालंय, म्हणून आपोआप सुरू झालेला आणीबाणीचा पाणीपुरवठा त्यांनी कमी केला. गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला. कंटेनमेंटनं, म्हणजे बाहेरच्या जाड कवचानं, धरून ठेवलं म्हणून बाहेर फारसं काही गेलं नाही. तसलाच व्हॉल्व्ह दीड वर्ष आधी, सप्टेंबर १९७७ मध्ये, डेव्हिस-बेसी नावाच्या दुसऱ्या केंद्रात असाच अडकला होता. तिथं वेळेवर लक्षात आलं, आणि बातमी इकडच्यांपर्यंत नीट पोचली नाही.

तुमच्या भट्टीच्या पॅनेलवर 'पंप चालू' असा हिरवा दिवा असेल. तो कॉन्टॅक्टर ओढला गेल्याचा दिवा आहे की पाइपातून पाणी वाहत असल्याचा? बघून घ्या.

माणसाच्या चुकीलाही आम्ही आकडा लावतो, आणि ते सगळ्यात निसरडं काम. एका गोष्टीत मात्र मी ठाम आहे. "दोन जण तपासतात" म्हणून चूक शंभरात एकवरून दहा हजारांत एक होत नाही. दुसरा माणूस पहिल्याचं बघून सही करत असेल, दोघं एकाच पाळीत चहा पीत असतील, तर पहिल्याची चूक दुसऱ्याच्याही नजरेतून सुटण्याची शक्यता, अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीनुसार, मध्यम अवलंबित्व धरलं तर सातात एकच्या जवळ जाते आणि घट्ट अवलंबित्व धरलं तर दोनात एक. म्हणजे दुसऱ्या सहीनं चूक जेमतेम निम्मी होते. हेडमिस्त्रीनं बघितलंय म्हणजे बरोबरच असणार, हे वाक्य कुठल्या कारखान्यात ऐकायला मिळत नाही? म्हणूनच नव्या आराखड्यांत कल असा, की पहिला अर्धा तास तरी माणसाला हातच लावावा लागू नये.

यातूनच आपोआप काम करणाऱ्या, विजेविना चालणाऱ्या यंत्रणा आल्या. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तुम्ही पाहिले असतील. धरण भरलं की पाण्याच्याच वजनानं उघडतात, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक सुटतं, पातळी उतरली की मिटतात. रात्री दोन वाजता कुणी बटण दाबायला लागत नाही. काकरापारच्या ७०० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत हीच कल्पना वेगळ्या रूपात आहे: उंचावर पाण्याच्या टाक्या, बाष्पजनित्रातली वाफ वर चढून तिथं थंड होते आणि पाणी होऊन आपल्या वजनानं परत खाली येते. कुडनकुलमच्या रशियन बनावटीच्या अणुभट्ट्यांत हेच काम बाहेरची हवा करते, आणि खाली वितळलेला गाभा झेलायला खास भांडंही आहे. अमेरिकेच्या एपी-१००० चा आराखडा तर जोखमीचं गणित करत, बदलत, पुन्हा गणित करत वाढवला गेला. त्यात कवचाच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे आणि ७२ तास बाहेरची वीज किंवा माणसाचा हात लागू नये असा हिशेब आहे. जैतापूरला प्रस्तावित असलेल्या फ्रेंच ईपीआरनं दुसरी वाट धरली: चार स्वतंत्र यंत्रणा चार वेगळ्या इमारतींत, चार मोठी डिझेल जनित्रं आणि वर दोन वेगळ्या जातीची. घाट उतरलं की जैतापूर, म्हणून कोल्हापुरात हा प्रश्न हमखास येतो: यातलं चांगलं कुठलं? माझं झुकतं माप साध्या, गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या रचनेला. पण त्यातही एक मेख आहे.

आपोआप चालणारं म्हणजे न बिघडणारं, असं नव्हे. पंप पाणी ढकलतो तेव्हा वाटेतला थोडा गंज, थोडा अडथळा तो सहज पार करतो. गुरुत्वाकर्षणाचा जोर बेताचा. पाइपात हवा अडकली, एकमार्गी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न हलता चिकटून बसला, की 'आपोआप' थांबतं. शिवाय बहुतेक यंत्रणांत सुरुवातीला एक तरी व्हॉल्व्ह उघडावाच लागतो. राधानगरीचंच बघा. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीचं काम सुरू असताना तिथला दुसऱ्या प्रकारचा एक दरवाजा अडकून उघडाच राहिला आणि ऐन हिवाळ्यात नदीचं पाणी चढलं. धरण तेच, माणसं तीच. स्वयंचलित दरवाजा आणि माणसाच्या हातचा दरवाजा, दोघांची मरणाची तऱ्हा वेगळी. झाडात दोन्ही वेगवेगळे मांडावे लागतात.

तपासणीबद्दलही बोलायला हवं, कारण ती आराखड्यातच ठरते. माझ्या पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना वीज गेली आणि कार्यालयाचा जनरेटर काही केल्या सुरू होईना. बॅटरी कधीच मेली होती, कळायला मुहूर्त उजाडावा लागला. गणित सोपं आहे. थांबून राहिलेलं यंत्र सरासरी दहा वर्षांतून एकदा गुपचूप बिघडतं असं धरा. वर्षातून एकदा तपासलं तर बिघाड सरासरी सहा महिने लपून राहतो, म्हणजे ऐनवेळी दगा देण्याची शक्यता विसात एक. महिन्याला तपासलं तर दोनशे चाळीसात एक. एक पैसा न घालता बारा पट सुधारणा! पण रोज थंड इंजिन धडाधड चालू करत बसलात तर तपासणीच त्याला मारते, आणि तपासणीसाठी बाजूला काढलेलं यंत्र तेवढा वेळ कामाचं नसतं. मधला सुवर्णबिंदू कुठं, ते गणित सांगतं. आणि चालू केंद्राला धक्का न लावता तपासता येईल अशी पाइपजोडणी द्यायची की नाही, हे आराखड्यातच ठरवावं लागतं. नंतर जागा नसते.

आता लाख वर्षांचा प्रश्न, जो खरा टोचणारा आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर धरलेलं लक्ष्य असं: गाभ्याला गंभीर इजा होण्याची शक्यता जुन्या अणुभट्ट्यांत वर्षाला दहा हजारांत एकपेक्षा कमी, नव्यांत लाखात एकपेक्षा कमी. हे एका अणुभट्टीच्या एका वर्षापुरतं आहे. जगात साधारण चारशे अणुभट्ट्या चालतात. सगळ्या दहा हजारांत एकच्या असतील तर सरासरी पंचवीस वर्षांत कुठंतरी एकदा. लाखात एकच्या असतील तर अडीचशे वर्षांत. 'लाख वर्षं निर्धास्त' असं ज्यानं तुम्हाला सांगितलं, त्यानं आकडा नीट वाचला नव्हता. आणि गाभ्याला इजा म्हणजे लगेच गावावर किरणोत्सार असंही नाही, थ्री माइल आयलंडनं ते दाखवलं. तो पुढचा, वेगळा हिशेब.

फुकुशिमात मात्र आकडा वाचण्यापलीकडची चूक होती. त्सुनामीची उंची ५.७ मीटर धरली होती, ११ मार्च २०११ ला केंद्रावर चौदा-पंधरा मीटरचं पाणी आलं. त्या किनाऱ्यावर इसवी सन ८६९ मध्ये मोठी लाट आत शिरली होती आणि तिनं टाकलेली वाळू भूवैज्ञानिकांना सापडलेली होती. झाडात जी फांदी काढलीच नाही किंवा फार बारीक काढली, तिचं गणित कितीही काटेकोर केलं तरी ती दिसणार नाही. आपल्याकडचा 'शंभर वर्षांतला पूर' घ्या. २००५ ला आला, २०१९ ला आला, दोन वर्षांनी २०२१ ला पाणी ५६ फुटांवर. पन्नास-साठ वर्षांच्या नोंदी हाताशी धरून शंभर वर्षांची बात करणाऱ्यानं आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता मोठ्या अक्षरात लिहायला हवी. आमच्यातले काही जण मात्र लाखात एकच्या आकड्याला दोन दशांश स्थळं लावतात. त्यांच्याशी मी वाद घालायचं सोडून दिलंय.

आणि तरीही फुकुशिमातच या पद्धतीची बाजूही दिसते. बहुतेक डिझेल जनित्रं तळघरात, समुद्राच्या पाण्यावर थंड होणारी. ती बुडाली किंवा त्यांचे पंप गेले. सहाव्या युनिटचं एक जनित्र हवेवर थंड होणारं आणि वेगळ्या जागी होतं. ते चाललं, आणि त्यानं पाचव्या-सहाव्या दोन्ही युनिटांना सांभाळलं. पुन्हा तोच परका पंप. कल्पाक्कमला २००४ च्या त्सुनामीत समुद्राच्या पाण्याच्या पंपगृहात पाणी शिरलं, चालू युनिट सुरक्षित बंद करता आलं, कारण बाकीची महत्त्वाची यंत्रणा पाण्याच्या आवाक्याबाहेर होती. पाण्याची उंची किती येईल हे चुकलं तरी सगळं एकदम बुडणार नाही अशी मांडणी करणं, एवढं तर आराखडा करणाऱ्याच्या हातात असतं.

भूकंपाचंही असंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का ज्यांनी अंथरुणात अनुभवला अशी माणसं कोल्हापुरात अजून आहेत. भूकंप एकाच वेळी सगळ्या खोल्यांत जातो, त्यामुळे सारख्या पंपांचे सारखे बोल्ट एकदमच तुटतात. हे तपासायला आम्ही गणिताआधी केंद्रात पायी हिंडतो. एका केंद्रात फॉल्ट ट्रीमधलं सगळं जागेवर होतं, पण रिले पॅनेलच्या शेजारी चाकं असलेली शिडी उभी, चाकांना ब्रेक नाही. धक्का बसला तर ती थेट पॅनेलवर. ती कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हती, कारण ती झाडू मारणाऱ्या पोराची होती.

तुम्हाला करायचंच असेल तर अणुभट्टी लांब राहू द्या. एक कोरा कागद घ्या, वर लिहा: 'वीज गेली आणि कॉइलला पाणी मिळालं नाही'. खाली उतरत जा. टाकीत पाणी नव्हतं, का? पाणी होतं पण व्हॉल्व्ह उघडला नाही, का? उघडला पण पाइप गाळानं भरलेला. कधी फ्लश केला होता? डिझेल पंप आहे, पण त्याची बॅटरी आणि भट्टीच्या पॅनेलची बॅटरी एकाच चार्जरवर आहे का? एका रविवारी होईल. ऑडिटला दाखवू नका, फोरमनला दाखवा, तो दोन फांद्या तरी वाढवेल.

आणि टाकीतून कॉइलकडे येणाऱ्या वाटेवरचा तो हाताचा व्हॉल्व्ह सध्या उघडा आहे की बंद, हे कुणाला न विचारता स्वतः शिडी लावून वर चढून बघा. शिडी मागनं कुणाला तरी धरायला सांगा.